मशीनवरचे घोडे अन् रस्त्यावरची गाडी

आमचं मूळ गाव समुद्रपूर, अन् माहे बाबा एसटीत डायव्हर होते, मंग डायव्हरच्या घरच्या पोरायचं जसं होते तसंच आमचं झालं ताई, घरात गोष्टी साऱ्या गाड्यायच्याच. बाबा जेवाले बसले का भाजीत मीठ कमी आहे का जास्त हे मायले कधी सांगत नसत, पन डेपोतली कोनती बस चढावर खोकून राह्यली अन् कोनत्या बसचा गिअर हातात रडते हे मात्र रोज सांगत. माय म्हने, बाई एक सवत असती तं मीनं भांडून काढली असती, ह्या तं पन्नास सवती आहेत अन् साऱ्यायले चाकं. असं घर होतं आमचं. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो, त्याच्या खाली बाबाची खाकी वर्दी खिळ्याले टांगलेली, अन् फळीवर पाना-पेचकस, कारन बाबाले सुट्टीच्या दिवशीही हात चालवाले काहीतरी लागे.

माहं नाव सुजाता, घरी सुजू. माह्याहून मोठा माहा दादा, विनोद. आमी दोघंच भावंडं. मी तुमाले जे सांगून राह्यली ते खरं म्हंजे दादाचंच आहे, माहं त्याच्यात फक्त स्टिअरिंग आहे.

बाबानं आमाले दोघायलेही गाडी शिकवली. गावातल्या एका कापूसवाल्याची जुनी जीप होती, बाबा सुट्टीच्या दिवशी तिची मरम्मत करून देत अन् बदल्यात आमाले वावरातल्या वाटेनं चालवू देत. लोक म्हनत, पोरीले कायले शिकवता, तिले काय बस चालवाची आहे का. बाबा म्हनत, पाय पुरून राह्यले ना तिचे, मंग काऊन नाई. मले तवा क्लच दाबाले सीटच्या टोकावर यावं लागे, पन क्लच सोडनं मले दादाहून लवकर जमलं, हे बाबानंच सांगतलं होतं, अन् दादाले त्याचा राग नाई आला. त्याले चालवाची हौस कमीच. तो बॉनेट उघडून उभा राहे अन् म्हने, सुजू, चालू कर, बंद कर, आता पुन्हा चालू कर. ऐकत राहे. दुसऱ्याची पोरं गाने ऐकत, हा इंजिन ऐके.

मी मॅट्रिकले असताना बाबा गेले. छातीत दुखते म्हनून घरी आले अन् दवाखान्यात न्याच्या आधीच गेले. मंग घर दादावर आलं. दादानं आयटीआय केली होती, मोटार मेकॅनिकची, नागपूरले एका मोठ्या गॅरेजात लागला. तिथी त्याले काही वर्षं फक्त चाकं काढाले अन् ऑइल बदलाले ठेवलं, इंजिन उघडाचं असलं का दुसऱ्याले बोलावत.  एक दिवस बोचकं घेऊन परत आला अन् म्हने, माय, मी वडनेरले रोडवर स्वतःचं गॅरेज टाकतो. नागपूर-हैदराबादचा रस्ता वडनेरातूनच जाते, दिवसरात्र गाड्या, टिनाचं शेड टाकलं तरी काम येते. आलंही. मायले अन् मले घेऊन तो वडनेरले राहाले आला. मी बारावीनंतर त्याच्याच हाताखाली लागली. ट्रकवाले पहिले हसत, मंग गाडी दुरुस्त झाल्यावर ट्रायल मीच मारते हे त्यायले समजलं तं हसनं बंद झालं.

आता मुद्द्यावर येते. नागपूरच्या हौशी पोरायमधे तवा गाड्या फास्ट बनवाचं वेड आलं होतं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या कराच्या, सिग्नल पडला का सुटाचं, चारशे मीटर सरळ रस्ता, जो पहिले पोचला तो जिंकला. बस. वळन नाई, काई नाई. त्याले ते ड्रॅग म्हनत. दादा एकदा पार्ट आनाले नागपूरले गेलता, तिथी त्यानं पाह्यलं, अन् घरी आला तो मानूसच दुसरा होता. जेवला नाई. मले म्हने, सुजू, एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात जे असते ना, ते सारं तिथी चारशे मीटरमधे बाहेर येते.

त्यानं एक छोटी गाडी घेतली, ठोकलेली, भंगारात जानारी. तिच्यात मोठ्या गाडीचं तेराशे सीसीचं इंजिन बसवाचं ठरवलं. चार वर्षं, ताई. दिवसा लोकायच्या गाड्या, अन् संध्याकाळी शेडच्या मागं आपली. इंजिनचं हेड, जिथून हवा आत जाते ते, त्यानं हातानं घासून गुळगुळीत केलं, आतून, बोट फिरवून पाहे, पुन्हा घासे. वजन कमी कराले मागची सीट काढली, दाराच्या आतली कापडं काढली, डिक्कीतलं पत्र्याचं जे जे निघे ते काढलं. माय म्हने, पोरा, घरात सून आन, हे काय गाडीचे कपडे काढत बसला. तो हसे. चार वर्षं तो हसत होता हे मी तुमाले मुद्दाम सांगते, कारन पुढचं ऐकल्यावर तुमाले वाटन का हा मानूस मुळातच उदास होता. नोता.

अन् तो बोले. हे त्याचं चुकलं म्हना का भोळेपन म्हना. गॅरेजात चहाले बसलेल्या साऱ्यायले सांगे का माह्या गाडीची हॉर्सपॉवर एकशे तीसच्या घरात आहे. खोटं नोता बोलत तो. त्याचा हिशोब होता, इतकी हवा आत, इतकं पेट्रोल, इतकं दाबलं. तिच्यात बसलं का पाठ सीटले चिकटे, मंग आमालेही खरंच वाटे.

हिंगनघाटले पंकजभाऊ म्हनून होते, कापसाच्या जिनिंगवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यायची मोठी गाडी, डिक्कीवाली, नवीन. सर्व्हिसिंगले आमच्याकडेच येत, दादाचे दोस्त झाले होते. त्यायनं गाडी दक्षिणेत पाठवून तिथल्या लोकायकडून तयार करून आनली, अन् येताना कागद घेऊन आले, त्याच्यावर रेषा काढलेली, डोंगरावानी, अन् डोंगराच्या टोकावर लिहिलेलं एकशे चाळीस. ते म्हने, विनोद, तू पन मोजून ये ना, पुण्याले मशीन आहे. त्यायच्या मनात काई वाकडं नोतं, हेही मी सांगून ठेवते. त्या मशीनले डायनो म्हनतात. लोखंडाचे रोलर राहतात जमिनीत, त्याच्यावर गाडीची चाकं ठेवतात, पट्ट्यायनं गाडी बांधून टाकतात, समोर मोठा पंखा, अन् मंग जागच्या जागी गाडी जीव खाऊन पळवतात. चाकायनं रोलरले किती जोरात फिरवलं त्याच्यावरून मशीन सांगते का हॉर्सपॉवर किती.

आमी पुण्याले गेलो तीच गाडी चालवत. माही मावशी तिथी राहते म्हनून मायनं मलेही पाठवलं. जाताना दादानं सारा रस्ता खिडकीचा काच खाली ठेवला, इंजिन ऐकत. जालन्याच्या पुढं धाब्यावर जेवलो, तं तो त्या धाब्यावाल्यालेही सांगून राह्यला, मोजाले चाललो म्हने.

मशीनवाला चांगला मानूस होता, आमच्याच वयाचा. त्यानं गाडी बांधली, स्वतः बसला. काय सांगू तुमाले, तो आवाज! रस्त्यावर आवाज मागं निघून जाते, तिथी तो भिंतीले आपटून अंगावर येते. मी कानावर हात ठेवले. दादानं नाई ठेवले. तो स्क्रीनकडे पाहून राह्यला होता. रेषा वर चढली, वाकली, पडली. मशीनवाल्यानं पुन्हा पळवली, पुन्हा पळवली. अठ्ठ्याऐंशी. एका खेपेले थोडी कमी. अठ्ठ्याऐंशीच्या वर काई गेली नाई.

दादा म्हने, मशीन बराबर आहे ना. तो म्हने, बरोबर आहे, अन् गाडीही चांगली आहे दादा, एवढ्या छोट्या इंजिनातून चाकावर एवढे निघत नाहीत सहसा. हे चाकावरचे आहेत, वाटेत गिअरमध्ये काही खर्च होतात, इंजिनवरचे म्हटले तर आकडा मोठा दिसेल, कोणी कसं मोजतं कोणी कसं, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. एकशे चाळीसवाली गाडी इथं आणली तर इथं किती दाखवेल ते मी सांगू शकत नाही. इतकं नीट समजावून सांगतलं त्यानं. मी ऐकलं. दादानं ऐकलंच नाई. त्याचे डोळे त्या रेषेवरच होते. तो हळूच म्हने, बेचाळीस कुठी गेले. एकशे तीसातून अठ्ठ्याऐंशी काढून तो तिथी उभा होता, जसे ते बेचाळीस घोडे त्याच्या घरून कोनी सोडून नेले.

परतताना त्यानं माह्या हातात चाबी दिली. मी विचारलं, काऊन. तो म्हने, तू चालव, मले हिचा आवाज नाई ऐकाचा. अन् खिडकीचा काच वर केला. पुण्यापासून वडनेरपर्यंत काच वर.

मंग ते सुरू झालं. पहिले आमाले समजलंच नाई, वाटलं राग आहे, उतरन. तो गॅरेजात येई पन स्टुलावर बसून राहे. ट्रकवाले इचारत, विनोदभाऊ, किती निघाली रे हॉर्सपॉवर. तो खरं सांगे, अठ्ठ्याऐंशी. कोनी हसे, कोनी म्हने जाऊ दे बावा. त्याले दोन्ही सारखंच लागे. मंग गॅरेजात येनं बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहे. दाढी वाढली. माय पोळी मोडून त्याच्या तोंडापाशी नेई, तो म्हने, ठेव, अन् ती तशीच वाळे. मी त्याले म्हटलं, दादा, एक आकडा आहे तो, एका मशीनचा. तो म्हने, सुजू, चार वर्षं मी जे ऐकत होतो ते खोटं ऐकत होतो, माहे कानच खोटे आहेत, बाबानं मले जे दिलं होतं तेच खोटं निघालं, आता मी काय ऐकू.   मीनं खूप बोलून पाह्यलं. रडून पाह्यलं. भांडून पाह्यलं. एकदा तं त्याच्या अंगावरची चादर ओढून फेकली. तो तसाच पडून, उघडा, थंडीत.

एका दुपारी मी गॅरेजात होती अन् मायची किंकाळी ऐकू आली. ताई, ते मी जास्त नाई सांगत. दादानं जीव द्याचा प्रयत्न केला होता. श्वास चालू होता. रोडवर उभं राहून हात दाखवाले वेळ नोता, मी शेडच्या मागं गेली अन् त्याचीच गाडी काढली. मागं सीट नाई, नुसता पत्रा. माय त्या पत्र्यावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, अन् मी सुटली. हिंगनघाटच्या बजारातून कशी काढली मले आठवत नाई. बैलगाड्या, सायकली, कापसाचे ट्रॅक्टर, हॉर्नवर हात ठेवलेला तो ठेवलेलाच. माय मागून एकच म्हनत होती, सुजू धाव, सुजू धाव, जशी मी पायी पळून राह्यली. ती गाडी त्या दिवशी मी जिथी मागितली तिथी धावली, एकदाही अडखळली नाई. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो, डॉक्टरायनं हाती घेतलं, वाचला.

शुद्धीवर आल्यावर मी त्याले सांगतलं, दादा, तुह्याच गाडीनं तुले आनलं. मले वाटलं त्याले बरं वाटन. तो माह्याकडे पाहून म्हने, काऊन आनलं.

डॉक्टरीनबाई चांगल्या होत्या, त्यायनं मले बाहेर घेऊन सांगतलं, हा आजार आहे, गोळ्या चालू ठेवा, एकटं सोडू नका, अन् पटकन बरं होईल असं समजू नका. पहिल्या दोन गोष्टी मीनं ऐकल्या. तिसरी नाई ऐकली. माह्या डोक्यात बसलं का आकड्यानं ज्याले पाडलं त्याले आकड्यानंच उठवाचं. ती गाडी रस्त्यावर चालवून दाखवाची, त्या एकशे चाळीसवाल्या गाडीच्या शेजारी, अन् त्याच्या डोळ्यादेखत पुढं काढाची. दुसरं मले काईच सुचत नोतं. मायच्या अन् माह्या आलटून-पालटून पाळ्या लागलेल्या, ती झोपली का मी बसाचं, मी गॅरेजात गेली का तिनं बसाचं, तो बाथरूमात गेला तरी बाहेरून बोलत राहाचं, दादा आहे ना, दादा बोल ना. असं किती दिवस जगते मानूस?

त्याच वर्षी मोठा रस्ता रुंद होऊन राह्यला होता, अन् एका गावाबाहेरचा नवा तुकडा डांबर टाकून तयार होता पन सुरू झाला नोता. नागपूरच्या पोरायनं परवानगी काढून तिथी ड्रॅग ठेवली. मी पंकजभाऊकडे गेली, जिनिंगवर. त्यायले सारं माहीत होतं, ते दवाखान्यातही येऊन गेलते. मी म्हटलं, भाऊ, तुमची गाडी माह्या शेजारी लावा. ते म्हने, सुजाता, लावतो, अन् मी मागंच राहीन, तू काळजी करू नको. मीनं हात जोडले. म्हटलं, असं करू नका भाऊ. तुमी पाय उचलला का दादाले आवाजावरून समजन. मंग तो कायमचा गेला समजा. जेवढी आहे तेवढी पूर्ण पळवा. ते खुर्चीवरून उठले. मंग म्हने, चल, एक गोष्ट करू. अन् जिनिंगचा जो वजनकाटा राहते ना, कापसाच्या गाड्या मोजाचा, त्याच्यावर त्यायनं पहिले आपली गाडी चढवली, मंग माही. माही गाडी त्यायच्या गाडीहून कितीतरी हलकी, क्विंटलांनी हलकी. अन् मी स्वतःही तवा काडीवानी होती. पंकजभाऊ म्हने, पुण्याच्या मशीननं गाडी बांधून ठेवली होती, तिले कुठी जाचं नोतं, मंग वजन कोन इचारते. रस्त्यावर मले एवढं सारं ओढून न्याचं आहे. हे पहा सुजाता, मले वाटते आपली बराबरी आहे.

बराबरी. त्या एका शब्दावर मी ते दिवस काढले.

मी दादाले चलाले तयार केलं ते कसं केलं ते माहं मले माहीत. शेवटी मायच म्हनली, तू नाई आला तं मी पोरीले एकटी जाऊ देनार नाई. मंग तो आला. सकाळची वेळ, ऊन निघालेलं, रस्त्याच्या दोन्हीकडं पराटीची, म्हंजे कापसाची, वावरं, लोक बांधावर उभे. प्लास्टिकच्या खुर्चीत दादाले बसवलं, अंगावर शाल, माय मागं खुर्चीले धरून उभी. सुटाच्या रेषेवर अन् चारशे मीटरवर पोरायनं यंत्रं लावलेली, ती वेळही मोजत अन् शेवटच्या रेषेवर गाडी किती वेगात होती तेही.

पहिल्या खेपेले मी हरली. सिग्नल पडला, मी जोशात क्लच सोडला, नव्या डांबरावर बारीक गिट्टी होती, चाकं जागेवरच फिरली, धूर झाला अन् पंकजभाऊ निघून गेले. मी परत येताना दादाकडे पाह्यलंच नाई. पाहाची हिंमत नोती. मी मनात म्हनत होती, बाबा, बाबा, बाबा. दुसरं काई नाई.

दुसऱ्या खेपेले मी गाडीले घाई केली नाई. इंजिन जास्त चढवलं नाई, क्लच सोडला तो जीपवर सोडे तसा, हळू अन् मंग एकदम पूर्न. गाडीनं रस्ता धरला. माही पाठ सीटले लागली. शेजारी पंकजभाऊची चाकं फिरून राह्यली होती, त्यायच्या एकशे चाळीसानं ती गिट्टी उधळली अन् गाडी जागेवर एक क्षण नाचली, मीनं फक्त आवाज ऐकला, पाह्यलं नाई. दुसरा गिअर. तिसरा. पंकजभाऊ समोर नाई हे मले समजत होतं. मंग त्यायचा आवाज मागून जवळ येऊ लागला, माह्या दाराशी आला, अन् मी पाय इतका दाबला का पत्र्यातून बाहेर निघन असं वाटलं, अन् रेषा आली. मी पुढं होती. अर्ध्या गाडीनं असन, पन पुढं. लोक ओरडत रस्त्यावर आले. पंकजभाऊ उतरून माह्याकडे हसत आले, त्यायनं पाय उचलला नोता हे त्यायच्या घामावरूनच दिसत होतं.

मी पळत दादाकडे आली. तो खुर्चीत नोता. तो टेबलापाशी गेलता, जिथी पोरं आकडे पाहत होते. माय मागं-मागं. त्यानं त्या पोराले इचारलं, वेळ नको सांगू, शेवटचा वेग सांग, दोघायचा. पोरानं सांगतलं. वेळ माही कमी होती, म्हनून मी जिंकली. पन शेवटच्या रेषेवर पंकजभाऊची गाडी माह्याहून जास्त वेगात होती. चांगलीच जास्त. दादानं मान हलवली, जसं काई त्याले पहिलेच माहीत होतं. मी म्हटलं, दादा, मी जिंकली ना. तो म्हने, सुटताना तू जिंकली. पुढं तो ओढत आला. अजून शंभर मीटर रस्ता असता तं तो निघून गेला असता. मशीन बराबर सांगत होतं.

मी ओरडली. साऱ्या लोकायसमोर ओरडली का दादा, रस्ता चारशेवरच संपते ना, त्याच्या पुढं रस्ताच नाई ना, मंग तू पुढचे शंभर मीटर कुठून आनून राह्यला! त्यानं माह्याकडे पाह्यलं. रागानं नाई, मायेनं. अन् म्हने, सुजू, तू लय चांगली चालवली. तो पाय तुहा आहे. इंजिन माहं आहे.

ताई, तिथी माह्यातलं सारं संपलं. मी गाडीच्या मागं जाऊन मातीत बसली. त्याचं म्हननं खोटं असतं तं मी भांडली असती. पन ते खरं होतं. मीही खरी होती अन् तोही खरा होता, वजन हलकं, सुरुवात चांगली, शेवट कमी, सारं त्या आकड्यायमधे दिसत होतं. मी ज्याच्यासाठी गेली ते मात्र त्या आकड्यायमधे कुठीच नोतं. माय येऊन माह्याजवळ बसली.  पदरानं माहं तोंड पुसलं, तिच्या पदराले धूळ अन् पेट्रोलचा वास होता, अन् ती म्हनली, उठ, त्याले गोळी द्याची आहे.

मंग आमी तेच केलं. रोजची गोळी. वर्ध्याच्या चकरा, डॉक्टरीनबाईनं गोळ्या बदलल्या, कोनत्या गोळीनं तो दिवसभर झोपे, कोनतीनं हात कापत. मधे एकदा पुन्हा घाबरवलं त्यानं, पुन्हा दवाखाना. मधे सहा-सहा महिने बरे जात. मी ज्याले झटक्यात उठवाले निघाली होती ते वर्षांनी, इंच-इंच झालं, अन् कशानं झालं ते मले आजही सांगता येत नाई, गोळीनं, का मायच्या पोळीनं, का नुसतं वय झालं म्हनून. त्या गाडीचं त्यानं पुढच्या वर्षी काय केलं, तं ती उकलली. मी धसकली होती, पन तो तोडफोड नोता करत, एक-एक नट काढून रॉकेलात धुवून डब्यात ठेवत होता. इंजिन भंगारवाल्याले दिलं.  पंकजभाऊनं ड्रॅग सोडली, पोरंबाळं झाली, आता वडिलांचं जिनिंग पाहतात, दिवाळीले अजून दादाले भेटाले जातात.

मी लग्न करून हिंगनघाटले आली. दोन गाड्यायची ड्रायव्हिंग स्कूल आहे माही, बायकाच जास्त येतात, सासवा म्हनतात पोरीनं पोरीले शिकवलेलं बरं. दादा मायजवळ समुद्रपूरले राहते, परत मूळ गावी. शेतावरचे पंप, फवारनीचे इंजिन, ट्रॅक्टर असं दुरुस्त करते. लग्न नाई केलं. बोलते कमी. संध्याकाळी मी फोन करते, माय म्हनते, जेवला, बस, मले तेवढं पुरते.

गेल्या महिन्यात तो माह्याकडे आलता, मायच्या चष्म्याचे काच कराले. मी आंगनात एका शिकनारनीले गाडी चालू करून दाखवत होती. तो फाटकात उभा राह्यला, जय भीम नाई, कशी आहेस नाई, मान एका बाजूले करून इंजिन ऐकत. मंग म्हने, सुजू, तिसरा प्लग मिस करून राह्यला, ठिणगी चुकते त्याची. अन् पान्यासाठी हात पुढं केला. मीनं पाना दिला. त्यानं प्लग बदलला, हात पुसले, चहा प्याला अन् एसटीनं परत गेला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मले नाई माहीत. इचारलंही नाई. काही दिवस चांगले राहतात, काही नाई राहत, हे आता आमच्या घरात साऱ्यायले समजलं आहे.

तुमी इतक्या दुरून आल्या, इतकं ऐकलं. तुमच्याही घरचे सारे जिते-जागते राहो ताई, जेवाच्या वेळी घरी येओ. दुसरं मले कोनासाठी काई मागता येत नाई.